गव्हाचा नवस

"बाई, लवकर या. इथे म्हातारीला मारतील."

धुळ्याच्या एका दवाखान्यातून फोन आला आणि हवालदार कोकिळा पाटील हातातला चहा तसाच टाकून निघाली. वॉर्डात पोचली तेव्हा पन्नाशीचा एक गडी एका म्हाताऱ्या बाईला भिंतीशी रेटत होता. तीसेक माणसं उभी राहून तमाशा बघत होती. एकाचाही हात पुढे होत नव्हता. कोकिळाचं डोकं तिथेच तापलं.

"सोडा तिला. आधी सोडा, मग बोला."

गडी म्हणजे चुडामण, पारोळ्याकडचा बागायतदार. म्हातारी त्याची विहीण, सुंदरबाई. खाटेवर पडलेली सव्वीस वर्षांची दिपमाला याची लेक आणि तिची सून. साध्या एका पायरीवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. नवरा भूषण ट्रक घेऊन सुरतेला गेलेला.

"मनी पोरले इख देस ही बाई!" चुडामण ओरडला.

"विष? कशावरून?"

"तीन वेळा पोट पडलं तिचं. अंगात रक्त नाही. आखाजीच्या सणाला माहेरी येते तर महिन्यात गालांवर रंग चढतो. सासरी गेली की पुन्हा वाळते. मग इथेच काहीतरी देतात ना? लिहा फिर्याद. हिला आत टाका, मी पोर घरी नेतो."

बोलणं बिनतोड होतं. कोकिळानं फिर्याद लिहून घेतली. पुरावा मिळाला की म्हातारीला अटक करा, असा साहेबांचा निरोपही आला.

कोकिळा डॉक्टर हेमलताबाईंकडे गेली. "विष सापडलं?"

"नाही. पण हाडं सत्तरीच्या बाईसारखी पोकळ. हिमोग्लोबिन सात. सहा वर्षांत पाच डॉक्टर झाले, पाचांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या अंगी का लागत नाहीत, हे एकानंही विचारू नये?" डॉक्टरीणबाईही चिडल्या होत्या.

"पोटाचं काही?"

"काही नाही. कधी दुखलं नाही, जुलाब नाहीत. आणखी एक. दातांवर खड्डे आहेत. ते दात तयार होताना, लहानपणीच पडतात."

लहानपणी? तेव्हा तर ही सासू चित्रातही नव्हती. कोकिळा परत वॉर्डात आली आणि सुंदरबाईला बाकावर बसवलं.

"अक्का, सुनेला खायला काय घालता?"

"मी तिले इख दिसू का, ताई? पोट राह्यनं का रोज गहूना बट्ट्या चारू, साजूक तूपमा बुडाईसन. भाकर खाईसन पोर कशी व्हई?"

"भाकरी देतच नाही?"

सुंदरबाईचा चेहरा लाल झाला. "याही दर साल दादर जुवारीनं पोतं धाडस. आमना घर गहू नही का? माले राग ऊना. मी बठ्ठी जुवारी बिबडासमा घाली दिधी."

व्याह्यानं पोतं पाठवलं, विहिणीला तो अपमान वाटला, आणि सगळ्या ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, होऊन वाळत पडले. खानदेशात एवढ्यावरून दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. पण बागायतदार माणूस लेकीला दरवर्षी ज्वारीच का पाठवतो?

कोकिळा दिपमालाच्या खाटेशी गेली. पोरीचा आवाज अगदी बारीक होता.

"आखाजीला माहेरी काय खातेस गं?"

"भाकर. बठ्ठा मांडा खातस, माले आबा भाकर देतस."

"गव्हाचे मांडे का नाही?"

"सवय शे. मी बारा वरीसनी व्हतू तवय आबानी नवस करा, एकवीरा देवीले. गहू खावाना नही. आठ दिन धुळाले दवाखानामा व्हतू, त्यानंतर. त्या सालले मी चांगली उंच बी व्हयनू. मंग लगीनमा नवस फिटना. आबानी सोताना हातघाई पहिला घास चारा."

कोकिळा ताडकन उठली आणि डॉक्टरीणबाईंना एक तपासणी करायला सांगून आली. रक्त झालं, दुर्बीण झाली. चौथ्या दिवशी कोकिळानं सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं.

"आबा, लेकीच्या गव्हाचा नवस कोणत्या देवीचा होता?"

चुडामण गडबडला. "सप्तशृंगीचा."

"लेक म्हणते एकवीरेचा. आठ वर्षं पाळलेल्या नवसाची देवी बाप विसरतो?"

चुडामण दाराकडे बघू लागला.

"नवस नव्हताच, आबा. ते पथ्य होतं. चौदा वर्षांपूर्वी त्या आठ दिवसांत धुळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हिला सिलियाक आहे, जन्मभर गहू बंद. तुम्ही त्याचा नवस केलात. कारण नवस फिटतो, पथ्य फिटत नाही. आजारी पोर कोण करून घेईल, ही भीती!"

हेमलताबाईंनी रिपोर्ट पुढे धरला. "गव्हातल्या ग्लूटेननं हिचं आतडं आतून झिजतं. काहींचं पोट दुखतं, हिचं नाही. आजार मुका राहिला आणि रक्तावर, हाडांवर, गर्भावर निघाला."

"विष गव्हात होतं," कोकिळा म्हणाली, "आणि ते माहीत असलेला माणूस या खोलीत एकच होता. वर्षातून एकदा माहेरी आलेल्या लेकीला घरभर मांडे होत असताना भाकरी वाढणारा बाप मी तरी ऐकला नाही. ज्वारीची पोतीही तुम्हीच पाठवलीत. तोंडानं मात्र एक शब्द काढला नाहीत. हाड मोडलं तेव्हा घाबरलात. लेक घरी न्यायची आणि गुपितही झाकायचं, म्हणून या अक्कांवर आळ. चोराच्या उलट्या बोंबा!"

सुंदरबाईनं स्वतःचे दोन्ही हात समोर धरले. "म्हंजे मीच मना सोताना हातघाई…"

"तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, अक्का."

चुडामण खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. "मला वाटलं, बरी झाली. पोट कधी दुखलंच नाही हो तिचं."

इतका वेळ छताकडे बघत पडलेल्या दिपमालानं मान वळवली.

"तीन येळा मनं पोट रिकामं व्हयनं, आबा. तवय दुखनं ते."

चुडामणनं लेकीच्या पायाला हात लावायला हात पुढे केला.

"ताई," दिपमाला कोकिळाला म्हणाली, "आबाले भायेर धाडा. माय, तुम्ही आठे बसा मनाजोडे."

सुंदरबाई खाटेच्या कडेवर बसली. कोकिळानं चुडामणला दंडाला धरून उठवलं आणि खोट्या फिर्यादीचा जबाब लिहून घ्यायला चौकीकडे चालवलं.