एका फ्रेमची चमकी

"भिया, हे परत घ्या. ह्यात हिरॉईन नाहीये, मोमबत्ती आहे मोमबत्ती!"

स्नेहलतागंजातल्या मनीषभियांच्या दुकानात हे वाक्य कस्तुरीच्या कानावर पडलं आणि तिने वळून पाहिलं. बाहेर जानेवारीतला मावठा भुरभुरत होता. छत्री नव्हती, म्हणून ती जुन्या कॅसेटी आणि डिस्कच्या त्या दुकानात शिरली होती, एवढंच. काउंटरपाशी एक तरुण उभा होता... ओला स्वेटर, ओले केस आणि नाकाच्या शेंड्यावर राग. त्याच्या हातातली निळी पेटी कस्तुरीने डोळे मिटूनही ओळखली असती. साठ वर्षांपूर्वीचा एक मराठी कृष्णधवल चित्रपट. जुन्या निगेटिव्हवरून साफसूफ करून, पुस्तिकेसकट, खास संग्राहकांसाठी काढलेली आवृत्ती. त्या साफसफाईत कस्तुरीचे सात महिने गेले होते.

"यतीनजी, पैकिंग खोल दी आपने. अब वापस कैसे लूँ?" मनीषभिया कळवळून म्हणाले.

शहाण्या मुलीने अशा वेळी पावसात भिजत निघून जावं. पण नोकरीसाठी माळव्यात आलेली कस्तुरी मूळची सांगलीची होती, आणि गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

"चित्र तर स्वच्छ आहे की," ती म्हणाली.

तो गर्रकन वळला. "स्वच्छ? मॅडम, हे स्वच्छ नाही, घासलेलं आहे. कढई घासतात ना, तसं. फिल्मवर बारीक बारीक दाणे असतात, त्यांचाच तर चेहरा बनतो. ह्यांनी दाणे काढले, सोबत बाईचे गाल पण काढले!"

"मग धूळ, ओरखडे... ते सगळं तसंच ठेवायचं?"

"धूळ काढा ना, कोण नाही म्हणतंय? पण हात जरा जपून चालवायचा." तो थबकला. तिच्याकडे नीट पाहत म्हणाला, "तुम्हाला बरंच मालूम दिसतंय."

"मी... कंप्युटरवर काम करते."

"आयटी?"

"तसंच काहीसं..."

खोटं एवढंसंच होतं. पण एवढंसं खोटं फार चिवट असतं. ते एकदा घरात शिरलं की पाहुण्यासारखं मुक्कामच ठोकतं.

"मग तर तुम्ही बघायलाच पाहिजे," तो उत्साहाने म्हणाला. "रविवारी सकाळी घरी या. अन्नपूर्णा मंदिरापाशी. पप्पा पण असतात," हे त्याने घाईने जोडलं आणि कानापर्यंत लाल झाला. "गराडू खाता ना तुम्ही?"

रविवारी कस्तुरी गेली. आपल्या कामात त्याला काय खटकलं ते समजून घ्यायला गेली, असं तिने स्वतःला बजावून सांगितलं. त्यासाठी नवा कुर्ता कशाला घालावा लागतो, हे तिला कोणी विचारलं नाही म्हणून बरं.

यतीन शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात डिस्कवरच्या चित्रांच्या दर्जावर इंटरनेटवर लांबलचक लेख लिहायचा. घरात बापलेक दोघंच. वडील दिनानाथकाका एका फिल्म वितरकाच्या कचेरीत तीस वर्षं प्रिंट तपासनीस होते. माळव्यातल्या थेटरांतून फिरून आलेली रिळं ते उलटी गुंडाळत आणि फिल्मची कड अंगठा आणि तर्जनीच्या मधून सरकू देत. कुठे फाटलंय, कुठे भोकं झिजलीत, ते बोटांना कळायचं. मग तेवढा तुकडा कापायचा, जोड द्यायचा, प्रिंट पुढच्या गावाला. कापलेले तुकडे मात्र काकांनी फेकले नव्हते. बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते.

त्यातलाच एक वीतभर तुकडा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. "ये पोरी, हिला बघ. हिरो शहरात चाललाय आणि ही त्याला 'जा' म्हणते, तो सीन."

कस्तुरीने पाहिलं. ओळीने दहा चेहरे, सगळे सारखेच करारी. पण मधल्या एका चौकटीत नायिकेच्या नाकातली चमकी लख्ख पेटलेली.

"नाकपुडी थरथरली ना, म्हणून चमकली," काका म्हणाले. "एकच फ्रेम. तोंडाने जा म्हणते, पण मनात काय आहे ते ती एक फ्रेम सांगते. पब्लिक इथे रडायची, सच्ची!"

यतीनने पडदे ओढले, डिस्क लावली. तोच प्रसंग आला. नायिका 'जा' म्हणाली, मान वळवली... आणि काहीच चमकलं नाही. गुळगुळीत, मेणासारख्या गालांची एक बाई कोणाला तरी घालवून देत होती.

"बघितलं?" यतीन म्हणाला. "हिला तर प्रेमच नाही असं वाटतं. ज्याने हे केलंय ना, त्याने जिंदगीत कोणाचा चेहरा नीट बघितला नसेल."

कस्तुरीला तो शुक्रवार आठवला. एकाच फ्रेमपुरता दिसणारा प्रत्येक पांढरा ठिपका यंत्र धुळीचा कण समजतं आणि माणसाला विचारतं, पुसू का? त्या रिळात असे अकराशे ठिपके होते. पहिले तीनशे तिने डोळ्यांत तेल घालून पाहिले. मग मान दुखली, डोळे चुरचुरले आणि उरलेल्या आठशेंना तिने एकदमच 'हो' म्हणून टाकलं. त्या आठशेंत ही चमकी होती. तळलेल्या गराडू कंदाची गरम बशी तिने हळूच बाजूला सरकवली.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढच्या रविवारी सांगू म्हणाली आणि पुढचा रविवार अजूनच सुंदर निघाला. अंधाऱ्या खोलीत पडद्यावरचा उजेड यतीनच्या चेहऱ्यावर हलायचा, आवडता प्रसंग आला की तो पडद्याकडे न पाहता हिच्याकडे पाहायचा... हिला आवडतंय का, एवढंच बघायला. दिवाणावर दोघांच्या हातांत मध्ये ठेवलेल्या उशीएवढं अंतर असायचं. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

तिसऱ्या रविवारी मात्र ती घसरली. बोलता बोलता यतीनने विचारलं, "तो सीन कितव्या मिनिटाला आहे गं?"

"चौसष्टावं मिनिट, नववा सेकंद, चौदावी फ्रेम," ती म्हणून गेली.

यतीन तिच्याकडे पाहतच राहिला. "एकदम पक्कं आठवतं तुला," तो हळूच म्हणाला.

"हो... आठवतं," म्हणत ती पाणी प्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर राऊला, ती काम करायची त्या स्टुडिओत, तिने मालकीणबाई मंजिरीताईंसमोर सगळं कबूल केलं. मंजिरीताई आधी तापल्या, मग त्यांनी मूळ स्कॅन काढून दिलं. दोन आठवडे कस्तुरी सकाळी लवकर येऊन, जेवणाच्या सुट्टीत बसून एकेक ठिपका पाहत होती. दाणे परत आणले, गाल परत आणले, चमकी परत आणली.

"ज्यांनी पेटी घेतली, त्या सगळ्यांना नवी डिस्क पाठवू," मंजिरीताई म्हणाल्या. "पुस्तिकाही नवी छापू. त्या यतीनलाच लेख मागते, सोमवारी फोन करते त्याला. आणि डिस्कवर काम कोणी केलं, तेही या वेळी ठळक छापणार."

नोकरी वाचली होती. आता रविवार वाचवायचा होता. सोमवारी त्याला कळणारच होतं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर तो आपलं तोंडही पाहणार नाही, हे कस्तुरीला पुरतं ठाऊक होतं. आणि आपल्या तोंडून कळलं तरी पाहील, याची खात्री नव्हती.

पाचव्या रविवारी तिने न बोलता नवी डिस्क लावली. चौसष्टावं मिनिट आलं. नायिका 'जा' म्हणाली, मान वळवली... आणि चमकी लकाकली.

"आली रे!" दिनानाथकाकांनी मांडीवर थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

यतीनने चित्र तिथेच थांबवलं. मग म्हणाला, "कुठून आणलीस ही?"

ऑफिसातल्या मैत्रिणीने दिली, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"मी केली," कस्तुरी म्हणाली. "आणि ती आधीची, मोमबत्तीवाली... तीही मीच केली होती. घाईत चमकी पुसली. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुला. धीर झाला नाही."

काकांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "मी जरा दूध बघून येतो," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"मला मालूम होतं," यतीन म्हणाला.

"काय?"

"चौदावी फ्रेम. पब्लिक मिनिट सांगते, कस्तुरी. फ्रेमचा नंबर तर तोच सांगेल, ज्याने त्या फ्रेमला हात लावलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. चौथ्या रविवारी पण नाही बोललीस. खूप राग आला मला... अजून आहे. पप्पांना मी काल सांगून टाकलं, ती आज पण गप्प बसली तर पुढच्या वेळी तिला बोलवायचं नाही."

कस्तुरी दिवाणाच्या कडेवर बसली. आपण किती काठावर उभे होतो, ते तिला आता कळत होतं.

"आणि आता?" तिने विचारलं.

"आता दुसरीच पंचाईत झालीये." त्याचा आवाज उतरला. "डिस्क तर सुधरली. तुझं इथलं काम झालं. म्हणजे... तू डिस्कसाठीच येत होतीस ना?"

इतके दिवस ती आपल्या भीतीत होती. त्यालाही कसली भीती असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पहिल्या रविवारी डिस्कसाठी आले," ती म्हणाली. "दुसऱ्या रविवारी थोडी डिस्कसाठी. तिसऱ्यापासून फक्त तुझ्यासाठी, यतीन. म्हणून तर सांगता येत नव्हतं. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती. दुसरा तू कुठून आणला असता?"

यतीनने उठून पडदे सरकवले. खोलीत स्वच्छ ऊन आलं. एका डिस्कवर दोन हजार शब्द लिहिणारा हा माणूस आता शब्दासाठी चाचपडत होता.

"मला पण... म्हणजे... मला तू खूप आवडतेस," तो म्हणाला. "दुकानात भांडलीस ना, तेव्हापासून."

"आणि राग?"

"राग आहे ना. तो इतक्यात नाही जायचा." तो तिच्या शेजारी बसला, मधली उशी त्याने बाजूला केली. "असं कर, तो जाईपर्यंत तू रोज येत जा."

"आणि गेल्यावर?"

"मग मी येत जाईन, राऊला," यतीन म्हणाला. "रोज."