तुटक्या नखाची लांडगीण

"ताई, माझ्या लांडगिणीला उद्या गोळी घालणार हो!" लांडगेबाई दारातूनच म्हणाल्या. "पिल्लं आहेत तिला!" आणि त्यांना रडूच फुटलं.

बाई वन्यजीवांच्या अभ्यासक. कित्येक वर्षांनी लांडगे डोंगरात परतले, तेव्हापासून त्या त्यांच्याच मागावर असायच्या. म्हणून हे नाव. चिखलात ठसा दिसला की त्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की पंजा हातात! असे पंजे त्या शेजारीपाजारी भेट द्यायच्या. लोकांचं लांडग्यांशी जमावं, एवढाच हेतू. आता मेंढपाळाची मेंढी फाडलेली सापडली होती आणि सगळंच मुसळ केरात.

गुप्तहेर ताई लगेच निघाल्या. मागोमाग कॅमेरा सावरत भाऊजी, म्हणजे ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तपासात डोकं ताईंचं, उत्साह भाऊजींचा.

मेंढवाड्यात भाऊजींनी एकूण एक ठशाचा फोटो घेतला. "वाईट वाटतं बाई, पण तीच! प्रत्येक ठशात एक नख गायब."

बाईंचा चेहरा पडला. "तीच. पुढच्या डाव्या पायाचं नख तुटलंय तिचं. बाकी पाय धड आहेत."

भाऊजींची छाती फुगली. ताई नुसत्याच "हं" म्हणाल्या.

मेंढपाळ फटकळ होता. "रात्री मी बहिणीकडे होतो. घरी वडील आणि कुत्रा. लांडगा असो नाहीतर कुत्रा, मेंढी फाडणाऱ्याला मी जिवंत ठेवत नाही."

आत आजोबा शेगडीपाशी बसले होते. पायाशी ओला कुत्रा कुडकुडत होता.

"एवढ्या थंडीत आंघोळ?" ताईंनी विचारलं.

"वास मारत होता."

खिडकीत धूळ होती, मधोमध स्वच्छ गोल. "इथे काय होतं?"

"फुलदाणी. फुटली."

वनाधिकारी आले तेव्हा ताईंनी सगळ्यांना तिथेच बसवलं.

"भाऊजी, लांडग्याला पाय किती?"

"काय थट्टा करता! चार."

"मग तुमच्या फोटोंत बाकीचे तीन कुठे गेले?"

भाऊजींनी फोटो पुन्हा चाळले. सगळे ठसे पुढच्या डाव्या पायाचेच! अरे देवा, लांडगीण काय लंगडी खेळत आली होती?

"पाय नाही, प्लास्टरचा पंजा आला होता," ताई म्हणाल्या. "तो या खिडकीत असायचा. मेंढी फाडली कुत्र्याने. रक्त धुवायला त्याला भर थंडीत आंघोळ घातली. खरं ना, आजोबा?"

आजोबांनी गोधडीखालून पंजा काढला. "पोरगा दिवसभर रानात असतो. हा कुत्रा गेला तर मी बोलू कुणाशी? वाटलं, ती जंगलातली. तिच्यासाठी कोण रडणार आहे?"

लांडगेबाईंचे डोळे सकाळपासून सुजलेले होते, आणि आजोबांना ते आत्ता दिसले.

वनाधिकाऱ्यांनी लांडगिणीला गोळी घालायचा हुकूम फाडला. मेंढपाळ कुत्र्याकडे वळला, तशा बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"याला मी नेते. माझ्या घरी मेंढ्या नाहीत. आजोबा, रोज संध्याकाळी चहाला या. त्याच्याशी बोलायला."

आजोबांनी पंजा पुढे केला. बाईंनी तो पुन्हा खिडकीत ठेवला.

"राहू दे. फक्त आता फिरायला नेऊ नका त्याला."