धुराड्यातला बूट

ही हकिकत थर्झामावशीच्या तोंडून मी दहादा ऐकली. दहाही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

१९३१चा नोव्हेंबर. इंग्लंडातल्या सफक परगण्यातलं तीनशे वर्षांचं शेतघर, सगळं ओकच्या तुळयांवर उभं. दुपारचे चार वाजले होते, पण बाहेर अंधारून आलं होतं.

मावशी त्या घरात दुसरेपणाची. पहिली, लेटिस, वारून सहा वर्षं झाली होती. तरी वॉल्टरकाकांच्या तोंडी तीच. हा दरवाजा लेटिसने रुंद करवला. ही खिडकी लेटिसच्या आवडीची.

मावशीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या दिवशी चूल धुमसत होती, म्हणून जेबेझ गवंड्याने धुराड्याच्या चार विटा काढल्या.

आत कोनाडा होता. कोनाड्यात... बाईचा एकच बूट.

"लेटिसबाईंचा," जेबेझ म्हणाला. "मीच ठेवलेला. घरधनिणीचा वापरातला बूट धुराड्यात असला, की वाईट काही आत शिरत नाही. राहू दे तिथेच."

"घरधनीण मी आहे की ती?" मावशी कडाडली.

"तुम्हीच हो, पण..."

"पण-बिण काही नाही!"

तिने तो बूट चुलीत घातला. पायातला स्वतःचा बूट काढून कोनाड्यात ठेवला.

"हं, लिंप आता!"

जेबेझने लिंपलं. चहालाही थांबला नाही.

काका गाईंच्या धारा काढून आले. मावशी त्यांच्या समोरच बसून पावाला लोणी लावत होती.

एवढ्यात माडीवर... पाऊल वाजलं.

एकच पाऊल. मग शांतता. मग पुन्हा तेच पाऊल.

लेटिस! मावशीला वाटलं.

पण टाचेचा खिळा सैल वाजत होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता... तिच्याच बुटाचा.

काकांनी मान वर केली. लग्नाच्या दोन वर्षांत मावशीने पाहिलं नव्हतं असं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"थर्झा, ये गं खाली. चहा निवतोय."

"अहो, मी इथे आहे!"

"हो, हो," काका म्हणाले. पाहत होते जिन्याकडेच.

दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतः धुराडं फोडलं. कोनाडा रिकामा होता.

काका पुढे अकरा वर्षं जगले. लेटिसचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दिवसभर थर्झा, थर्झा... आणि डोळे माडीकडे.

"लेटिस निदान मेलेली तरी होती गं," मावशी मला म्हणायची. "हिचं मी काय करणार होते?"