डाव्या कानातले ठोके

माझ्या नातीचं, प्रियदर्शनीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. मांडवात माझी बायको मैना माझ्या शेजारी बसली होती. तिची नजर काचबिंदूनं गेलेली. नातजावई दिसतो कसा, ते तिनं मला चारदा विचारलं आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. मागाहून प्रीतमनं, माझ्या नातवानं, ते कागदावर लिहून दाखवलं. मी अक्षरं शिकलो पंचेचाळिसाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. ते आता असं कामी येत होतं. पण मैनाला कागद दिसत नव्हता, आणि तिच्यात ओरडण्याचं बळ उरलं नव्हतं.

आमच्यात राहिले होते फक्त ठोके. अकोल्याच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघं कामाला होतो. कापसातली सरकी काढणारे रेचे सुरू झाले की तिथे माणसाचा आवाज पोचत नसे, म्हणून लोखंडी पाइपावर पान्यानं ठोकायचं. दोन ठोके म्हणजे ठीक आहे, चालू ठेव. तीन म्हणजे माणूस अडकला, बंद कर. आता वलगावच्या घरी मैना पलंगाच्या पाइपावर ठोकी आणि मी हात टेकवून ओळखी.

मला तिचा आवाज हवा होता. एवढ्यासाठी प्रीतम मला अमरावतीला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तपासणारी रश्मी नावाची मुलगी होती. तिनं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं विचारलं, "आबा, डावा कान कधीपासून बंद आहे?"

"एक्याण्णवपासून. आमच्या जिनिंगमधल्या किसनरावचा अपघात झाला, त्या धक्क्यानं."

सगळ्यांना मी हेच सांगत आलो होतो. तिनं लिहून घेतलं.

मग मला जाड दाराच्या एका लहानशा खोलीत बसवलं. समोर काच, काचेपलीकडे ती आणि तिचं यंत्र. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, अगदी बारीक आला तरी. उजव्या कानात शिट्ट्या आल्या, काही जाड, काही सुईसारख्या. मी दाबत गेलो. मग डाव्याची पाळी आली.

बराच वेळ काही नाही. मग लोखंडावर लोखंड. तीनदा.

मी बटण दाबलं.

रश्मी दार उघडून आत आली आणि उजवा हेडफोन बाजूला करून मोठ्यानं म्हणाली, "आबा, आत्ता का दाबलं? मी अजून आवाज सोडलाच नाही."

प्रीतम दारातून ओरडला, "म्हाताऱ्याले बटन भेटलं, मॅडम! आता सोडत नाही तो!"

"घरी फोन लाव," मी त्याला म्हणालो. मैना ठोकत असेल, असंच मनात आलं. फोन सुनेनं, आरतीनं उचलला. आजी बरी आहे, नुकतीच जेवली, असं प्रीतमनं मला ओरडून सांगितलं.

दार पुन्हा लागलं.

पुन्हा तीन ठोके. या वेळी खांद्याजवळून. आणि रेच्याच्या तापल्या पट्ट्याचा वास.

मी बटण दाबलं नाही. काचेपलीकडून रश्मी बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या बाजूला.

"डावा राहू द्या," नंतर ती एवढंच म्हणाली.

उजव्या कानात यंत्र बसवलं. आधी ऐकू आल्या त्या माझ्याच चपला. मग ऑटोचे हॉर्न, मग आमच्या फाटकाची बिजागरी.

मैना पलंगावर होती. पलंगाची डावी बाजू भिंतीला चिकटलेली.

"आले का?" ती म्हणाली.

नऊ वर्षांनी ऐकला तिचा आवाज. म्हातारा झाला होता, पण तिचाच होता.

"बोल," मी म्हणालो. "ऐकून राहिलो मी."

"मंग सांगा, सकाळपासून भितीकडून कोन ठोकून राहिलं? तीन-तीनदा. मी दोन ठोके देले, तरी थांबून नाही राहिलं."

मी यंत्र काढून ठेवलं. उजवा कान शांत झाला.

डावा झाला नाही.

किसनराव गेला एकोणीसशे एक्याण्णवच्या डिसेंबरात, सकाळच्या पाळीत, पट्ट्यात बाही अडकून. तो माझ्या डाव्या हाताला उभा होता आणि स्विच माझ्याकडे होता. माझा डावा कान त्या अपघाताच्या दोन वर्षं आधीच गेला होता. काम जाईल म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं.