कौतिकच्या लॉजातल्या तिजोऱ्या

कौतिकला नव्या वस्तूचं भारी वेड. धुळ्यात आग्रा रोडला त्याचं लॉज. खाली चहा-जेवण, वर खोल्या. त्या रस्त्यावर रंगीत टीव्ही पहिला त्याने आणला, गरम पाण्याचा बंबही पहिला त्यानेच बसवला. एक्क्याण्णवच्या मे महिन्यात त्याच्या डोक्यात तिजोरी शिरली. एकेका खोलीत एकेक तिजोरी! जळगावचे सोन्याचे व्यापारी त्याच्याकडे उतरत, लग्नाची वऱ्हाडं उतरत. दागिने उशाखाली ठेवून घोरायचे आणि सकाळी उशा झाडत बोंबलायचे. एका नवरीची नथ चादरीत गुंडाळून धोब्याकडे गेली, तेव्हापासून तर कौतिकला दुसरं काही सुचेना. त्याने बाहेरच्या पाटीवर ‘खोलीत तिजोरीची सोय’ असं आधीच रंगवून घेतलं. माणूस तसाच उतावळा.

जळगावचा युसूफ तिजोऱ्या बनवायचा. त्याने तीन नमुने टेम्पोत घालून आणले आणि वरच्या खोलीत मांडले. भर दुपार. लाइट गेलेली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खिडकीतून झळा येत होत्या आणि खोलीभर नव्या रंगाचा वास कोंडला होता.

कौतिक लग्नघरातल्या पोरासारखा नाचत होता.

“ही आकड्यांची काय म्हणते रे?”

“चकती फिरवायची, भाऊ. गिऱ्हाइकाने आपला आकडा ध्यानात ठेवायचा.”

“माझं गिऱ्हाईक जिना चढेपर्यंत खोलीचा नंबर विसरतं. हटव ती!” दुसरीवर त्याने बुक्की मारली. “हा तर पोह्यांचा डबा. मला काय फसवतो?”

तिसरी बुटकी आणि जाड. बाहेरून राखाडी, आतून हिरवी. तिचं दार लावलं की आवाज असा थांबायचा, जणू कुणी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला.

“ही! हीच घ्यायची!”

“वस्तू ठेवून बघा की. गेली तर झोप उडेल अशी काही ठेवा, म्हणजे भरवसा बसेल.”

कौतिकच्या खिशात बायकोची मंगळपोत होती. दोरा कुजला म्हणून पटव्याकडून नव्याने ओवून आणलेली. तोवर प्रमिलाबाईने गळ्यात दोऱ्याला हळकुंड बांधलं होतं. आता ती दारातच हात पुढे करून उभी होती.

“आदी मन्ही पोत द्या. मंग तुमना खेळ करा.”

“दोन मिनिटं थांब. अख्ख्या धुळ्यात पहिली वस्तू तुझी ठेवतोय, तरी तोंड वाकडं!”

“गळा रिकामा शे मन्हा.”

“हळकुंड आहे ना!” कौतिक हसला. पोत आत ठेवली, दार लोटलं, किल्ली फिरवली.

खट्.

त्याच क्षणी कौतिकपुढचा उजेड गेला. त्याला वाटलं, कुणी खिडकी लावली. “उघडा रे खिडकी,” तो म्हणाला, पण आवाज त्याच्याच तोंडावर आपटला. हात पुढे केला, तर हाताला गार लोखंड. मागे गार. डोक्यावर गार. ओल्या रंगाचा वास घशात उतरला. श्वास घेतला तो निम्माच आत आला.

प्रमिलाबाईला मात्र दिसत होतं ते असं: खिडकी सताड उघडी, बाहेर पांढरं ऊन, आणि तिजोरीपासून मागे जाऊन पलंगावर धपकन बसलेला नवरा उघड्या हवेत दोन्ही हातांनी काहीतरी ओरबाडतोय. ओठ काळेनिळे पडत चाललेले.

“काय व्हयनं यास्ले? युसूफभाऊ... उघडा ती!”

युसूफने किल्ली फिरवली. किल्ली फिरेना. दुसरी घातली. तीही फिरेना. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, “माझ्या हाताची तिजोरी आहे, वहिनी... अशी कधीच...” त्याने हातोडी घेतली आणि दाराच्या कडेवर घाव घातला.

पलंगावर कौतिक किंचाळला. घाव त्याच्या कानशिलात बसला होता.

युसूफच्या हातातून हातोडी गळाली.

अंधारात कौतिकला आता एवढंच कळत होतं की जागा आणखी कमी होतेय. गुडघे छातीला लागले. लांबून, विहिरीच्या तळाशी यावा तसा बायकोचा रडण्याचा आवाज येत होता. मग तोही बंद पडला.

प्रमिलाबाई रडायची थांबली होती. ती पलंगाकडे गेली नाही. तिजोरीपुढे जमिनीवर बसली, किल्ली घातली आणि किल्लीच्या भोकाला तोंड लावलं. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तिने आजवर उच्चारलं नव्हतं.

“कौतिक,” ती हळूच म्हणाली. “कौतिक... भायेर या.”

किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली.

पलंगावर कौतिकने मोठ्ठा श्वास ओढला आणि आडवा झाला. बाईने पोत उचलून आधी गळ्यात घातली, मगच त्याच्या तोंडावर पाणी मारलं. युसूफने दाराच्या आतल्या बाजूला बॅटरी धरली आणि तशीच धरून राहिला. नव्या हिरव्या रंगावर बोटांचे ओरखडे होते, पत्रा दिसेपर्यंत खोल.

कौतिकने आपले हात वर केले. दहाही नखांत हिरवा रंग भरलेला.

युसूफने बॅटरी विझवली.

“मी... मी ही परत नेतो, भाऊ,” युसूफ म्हणाला. “तिजोऱ्यांचं राहू द्या.”

“राहू द्या कसं? पाटी रंगवून झाली माझी!” कौतिक उठून बसला. आवाज फाटलेला, पण डोळे पुन्हा लकाकत होते. “कुठल्याही दे. आकड्यांच्या दे, पोह्यांच्या डब्याच्या दे. पण दाराला आतून मूठ लाव. आतून उघडता आलं पाहिजे.”

“आतून? भाऊ, आत कोण राहणार?”

“लाव म्हटलं ना!”

युसूफने लावल्या. आकड्यांच्या तिजोऱ्या खोल्याखोल्यांतून बसल्या. गिऱ्हाइकं आतली मूठ बघून हसतात, कौतिक त्यांच्याबरोबर हसतो, आणि लॉज जोरात चालतं.

युसूफ मात्र दर दिवाळीला जळगावहून येतो. बाहेरच्या मुठींचा रंगसुद्धा अजून उडालेला नाही. आतल्या मुठी झिजून पातळ होतात, त्या बदलाव्या लागतात.