टाकीत सोडलेला कंदील

"गेला! सरळ टाकीत गेला!" स्वप्नील ओरडला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत राजदीप साक्रीजवळ मामाच्या गावी आला होता. घरामागे संडासाची नवी सेप्टिक टाकी बांधली होती. स्लॅब टाकून पंधरा दिवस झाले होते. आज स्लॅबला आतून आधार दिलेल्या सेंटरिंगच्या फळ्या काढायच्या होत्या. ठेकेदार हेमराजभाऊंनी टाकीच्या तोंडावरचा पत्रा सरकवला आणि ते दीपक कामगाराला घेऊन चहाला गेले. तेवढ्यात शेजारच्या स्वप्नीलने षटकार मारला!

बॉलमागे बिजली धावली. बिजली म्हणजे मामेबहीण कामिनीचं मांजर. तिने टाकीत उडी घेतली, एकदाच 'म्याँव' केलं, आणि मग काहीच नाही.

"बिजली! ए बिजली!" कामिनी वाकून हाका मारू लागली.

"थांब, मी आणतो दोघांना," म्हणत स्वप्नीलने एक पाय आत सोडला.

राजदीपने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. "नाही!"

"अरे, शर्ट फाडशील! घाबरट कुठला!"

राजदीपने कॉलर सोडली नाही. दोन वर्षांपूर्वी नरडाण्याला त्याचे पप्पा अशाच नव्या टाकीतल्या फळ्या काढायला उतरले होते. ते वर आलेच नाहीत. तिथला ठेकेदार म्हणाला, "पिऊन उतरला होता." गावाने ते मानलं. वर्गातल्या मुलांनीही मानलं. तेव्हापासून राजदीप पप्पांचं नाव काढत नसे.

कामिनीने टॉर्च लावलेला मोबाईल दोरीला बांधून आत सोडला. बिजली एका फळीवर आडवी पडली होती. कुठे जखम नाही. पाणी तर फळीच्याही खाली, जेमतेम वीतभर.

"पडून मेली?" स्वप्नील हळूच म्हणाला.

"पडून?" कामिनीला हुंदका आला. "ती रोज छपरावरून उड्या मारायची रे!"

राजदीप त्या फळीकडे बघतच राहिला. मग तो म्हणाला, "मांजर तर दारू पीत नाही."

तिघेही धावत देवचंद आबांकडे गेले. आबा म्हणजे राजदीपच्या आईचे वडील. तरुणपणी त्यांनी कितीतरी विहिरी खोदल्या होत्या.

"काय व्हयनं रे?" आबांनी विचारलं. सगळं ऐकून ते उठले आणि खुंटीवरचा कंदील काढला. "विहिरीत उतरण्याआधी आम्ही हा सोडायचो. हा विझला, की माणसाने उतरायचं नाही."

ते परत आले, तर दीपक शर्ट काढून टाकीच्या काठावर बसला होता. स्वप्नीलने धाव घेतली आणि टाकीच्या तोंडावर पत्रा ओढून वर मांडी घातली!

"उठ रे पोरा!" हेमराजभाऊ खेकसले. "मला साक्रीच्या बाजाराला जायचंय."

"दीपकदादा, उतरू नका! आत मांजर मेलंय!" राजदीप ओरडला.

"नवी कोरी टाकी आहे! घाणीचा थेंब नाही, मग गॅस येणार कुठून?"

"मग कंदील सोडून बघू!" कामिनीने डोळे पुसले. "नाही विझला, तर तुमच्या पुढच्या स्लॅबवर दहा दिवस मी पाणी मारीन!"

"दहा दिवस? सोडा कंदील!" हेमराजभाऊ हसले.

आबांनी कंदील पेटवला. स्वप्नीलने उठून पत्रा सरकवला. दोर राजदीपच्या हातात होता. कंदील हळूहळू खाली गेला. ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली.

"वाऱ्याने विझला," हेमराजभाऊ म्हणाले.

"बंद टाकीत कसला वारा?" आबांनी पुन्हा पेटवला. पुन्हा विझला.

दीपकने शर्ट परत घातला. तो काठापासून दूर सरकला.

"ओल्या फळ्या आत कुजतात," आबा म्हणाले. "बठ्ठी हवा, सगळीच्या सगळी, खाऊन टाकतात. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला वास येत नाही. अन् पोरांनो, वापरातल्या टाकीजवळ मात्र काडीसुद्धा पेटवायची नाही. तिथला गॅस भडकतो."

हेमराजभाऊंनी विझलेला कंदील हातात घेतला. "वीस वर्षं हेच काम करतोय. कुणी सांगितलंच नाही," ते पुटपुटले. मग त्यांनी लोखंडी आकडा आणि लांब दोर मागवला. फळ्या वरूनच ओढायच्या, आत कुणीही उतरायचं नाही!

"शाब्बास पोरांनो!" आबांनी तिघांच्याही पाठीवर थाप मारली. दीपकने राजदीपच्या डोक्यावर हात ठेवला. "आज तू होतास म्हणून मी आहे, भाऊ."

राजदीप मात्र हसला नाही. त्या दिवशी पप्पांजवळ एकही कंदील नव्हता.

आकड्याने बिजलीला वर काढलं. कामिनीने तिला लिंबाखाली पुरलं. मग राजदीपने फोन लावला.

"आई, पप्पा प्यायले नव्हते."

"मला माहीत आहे, बाळा."

"मला नव्हतं माहीत!" त्याला रडू फुटलं. "मी त्यांचा फोटो भिंतीवरून काढून पेटीत टाकला ना, आई!"

"थांब हं," आई म्हणाली. मग फोनमधून पेटीची कडी उघडल्याचा आवाज आला.