दुसरा साक्षीदार

दर रविवारी सकाळी वाद्यदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत तीन-चार प्रौढ माणसं जमत आणि लहान मुलांना लाजवतील अशी भांडत. भांडणाचा विषय एकच: एक रॉक बँड, जो मोडूनही आता बारा वर्षं झाली होती. कुठल्या कार्यक्रमात कितवं गाणं कुठलं वाजवलं, गायकाने कडवं कुठे खाल्लं, सगळा हॉल पेटलेला असताना मध्येच ते रटाळ संथ गाणं घालायची दुर्बुद्धी कोणाला झाली, असा काथ्याकूट दुपारपर्यंत चाले. खोलीत तारा काढलेल्या गिटारी टांगलेल्या असत, कोपऱ्यात फुटका ड्रम असे आणि चहाच्या वासात सोल्डरिंगचा जळका वास मिसळलेला असे.

या दरबारात सगळ्यात मोठा मान वहीवाल्यांचा. पोटापाण्यासाठी ते चष्म्याची भिंगं घासत. केसभरही फरक चालायचा नाही असं काम. तीच शिस्त त्यांच्या वहीत होती. बँडच्या दोनशे चौदा कार्यक्रमांची गाणी तिच्यात क्रमाने लिहिलेली होती आणि तिचा नियम कडक होता: दोन माणसांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय गाणं वहीत चढायचं नाही. म्हणून प्रत्येक पानाखाली, कार्यक्रम संपताच तिथल्या तिथे केलेल्या, साक्षीदारांच्या दोन सह्या. पहिल्या एकशेएकतीस पानांवर एक सही वहीवाल्यांची, सुबक. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची, रेघ सोडून वर चढत गेलेली. पुढच्या पानांवर दुसऱ्या सहीच्या जागी कोणी ना कोणी मित्र.

"वहीत आहे ना? मग झालं तर," असं दुरुस्तीवाला म्हणे आणि भांडण तिथेच मिटे.

या वहीची पुस्तिका छापायचं ठरलं आणि पंचाईत झाली. तपासणीचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. मास्तर शाळेत गणित शिकवत. दोन अधिक दोन चार होतात हेही ते एकदा पडताळून बघणारे. 'एकदाच वाजवलेली गाणी' या पानावर त्यांचं बोट अडलं.

"कार्यक्रम एकशे एकतीस. शेवटचं गाणं 'आतून कडी'," ते म्हणाले. "अहो, हे गाणं आम्ही स्टेजवर कधीच वाजवलं नाही, असं गायकाने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. शेवटचा सूर त्याला लागत नव्हता म्हणे. वहीवाले, तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो."

"शेवटपर्यंत?"

"म्हणजे काय!"

दुरुस्तीवाल्याने मास्तरांना डोळ्यांनी दटावलं. त्या पानावरच्या दुसऱ्या सहीचा धनी त्या कार्यक्रमाहून घरी परतलाच नव्हता, हे सगळ्यांच्या कानावर होतं. त्याला पाहिलेलं मात्र यांच्यापैकी कोणी नव्हतं. मास्तर ओशाळले आणि विषय तिथेच थांबला.  

खरं एवढंच होतं की ते शेवटपर्यंत नव्हते.

धाकटा लाँड्रीत इस्त्री करायचा. आडदांड अंग, मोकळं हसू आणि आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली माणसं खिडकीत यावीत. टाळी नेहमी अर्धा ठोका उशिरा. प्रत्येक कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तो उभा राहून ओरडायचा, "आतून कडी!" लोक वळून बघायचे, हसायचे. त्याला त्याचं काही नसे. लाज वाटायची ती थोरल्याला.

त्या संध्याकाळी दोघांच्या पुढच्याच रांगेत वहीवाल्यांच्या चष्म्याच्या दुकानातली मंडळी बसली होती. सहाव्या गाण्यानंतर धाकटा ओरडला. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून विचारलं, "हा तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही," वहीवाले म्हणाले. "माझ्या ओळखीचा नाही."

धाकटा हातभर अंतरावर उभा होता. त्याने ते ऐकलं. नुसता खाली बसला. पाच मिनिटांनी वहीवाले पाणी पिऊन येतो अशी खूण करून उठले आणि बस पकडून सरळ घरी जाऊन झोपले. कार्यक्रम संपल्यावर धाकटा फाटकापाशी दादाची वाट बघत थांबला, शेवटची बस गेली तरी थांबला, मग पुलावरून चालत निघाला. पुलावर ट्रकने त्याला उडवलं.

"गर्दीत चुकामूक झाली," असं त्यांनी आईला सांगितलं. आईने उलटतपासणी केली नाही. चार दिवसांनी तिने एवढंच विचारलं, "त्याचं ते गाणं तरी त्याला ऐकायला मिळालं का रे?"

"मिळालं, आई."

एकदा जीभ सुटली की तिला लगाम राहत नाही. गायक स्टेजच्या काठावर पाय सोडून बसला, ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि नुसत्या तळव्यांनी ठेका धरला, गायक म्हणाला, 'मागे बसून दरवेळी ओरडतोस ना? घे तुझं गाणं.' वहीवाले रचत गेले आणि आईचं रडणं हळूहळू थांबलं. त्याच आठवड्यात त्यांनी ते गाणं वहीत चढवलं. खाली दोन्ही सह्या त्यांनीच केल्या. धाकट्याची डाव्या हाताने.

त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी ते घरी परतले की आई विचारी, "आज निघालं का त्याचं नाव?" आणि मग ते सगळं तिला पुन्हा, पहिल्यापासून, सांगावं लागे.

पुढच्या रविवारी मास्तर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. पांढऱ्या केसांच्या, नेमक्या बोलणाऱ्या. मास्तर त्यांच्या खुर्चीत आ वासून बसले असताना मागे बँडचं गाणं लागलं आणि ओळख निघाली.

"बाई एकशे एकतीसच्या कार्यक्रमाला होत्या," मास्तर विजयी मुद्रेने म्हणाले. "शेवटपर्यंत."

वहीवाल्यांची पाचावर धारण बसली. एकोणीस वर्षं ज्या क्षणाला ते भीत होते, तो असा सकाळी साडेदहा वाजता, बिस्किटांच्या बशीसमोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. एका अर्थी बरंच झालं, असंही त्यांच्या मनात आलं. पण बाई हसल्या.

"वाजवलं की 'आतून कडी'. विसरेन कशी? गायक स्टेजच्या काठावर पाय सोडून बसला होता. ड्रमवाल्याने काठ्याच खाली ठेवल्या. तळव्यांनी वाजवलं त्याने."

दुरुस्तीवाल्याने मांडीवर थाप मारली. "बघा! वहीत आहे म्हणजे आहे!"

 काठ, काठ्या, तळवे यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. ते त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं, आणि आई गेली दहा वर्षं घराबाहेर पडली नव्हती.

"तुम्हाला... हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? मी होते ना तिथे," बाई म्हणाल्या. "आणि आमचे हे कोटात रेकॉर्डर लपवून न्यायचे. कॅसेट असेल घरात. बघते."

त्या आठवड्यात वहीवाल्यांची तीन भिंगं चुकली. आजवर असं झालं नव्हतं.

रविवारी बाईंनी पर्समधून कॅसेट काढली. "गंमत बघा," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या खोक्यात ही होती, पण मी पूर्वी पाहिल्याचं आठवत नाही. अक्षरही ह्यांचं नाही." लेबलावर एकशे एकतीस एवढाच आकडा होता. रेघ सोडून वर चढत गेलेला.

दुरुस्तीवाल्याने जुना टेप पुसून ठेवला होता. त्याने बटण दाबलं. खरखर, खोकले, खुर्च्या सरकवल्याचे आवाज आणि मग पहिलं गाणं. मास्तर वहीवर बोट ठेवून एकेक गाणं पडताळत होते. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. पाचव्याला दुरुस्तीवाला म्हणाला, "हे इथे का घातलं असेल? आधीच्याचा सगळा जोर गेला," आणि कोणीच भांडलं नाही.

सहावं गाणं संपलं.

"आतून कडी!" टेपमधून तो आवाज आला आणि लोक हसले. वहीवाल्यांनी एकोणीस वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"हा तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही. माझ्या ओळखीचा नाही."

इतकं स्पष्ट, जणू रेकॉर्डर दोघांच्या मध्ये ठेवला होता.  बाई किंचित पुढे झुकल्या.

"आम्ही तर पार पुढे, डाव्या कोपऱ्यात बसलो होतो," त्या हळूच म्हणाल्या.

पुढची गाणी एकामागून एक गेली. वहीवाल्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. बँडच्या ड्रमवाल्याच्या मेहुण्याला विचारून लिहिली होती. मग टेपमध्ये शांतता झाली. काठ्या खाली ठेवल्याचा लाकडी आवाज आला. गायक म्हणाला, "मागे बसून दरवेळी ओरडतोस ना? घे तुझं गाणं."

तळव्यांचा ठेका सुरू झाला. आणि त्याच्या मागे, एकट्या माणसाची टाळी. अर्धा ठोका उशिरा.

वहीवाल्यांना वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. हा माझा भाऊ. मी त्याला तिथे टाकून आलो. शब्द ओठांवर होते.

मास्तरांनी वहीतून मान वर केली. त्यांनी मुद्दाम काही खोचक विचारलं नाही. त्यांना फक्त नोंद पुरी करायची होती.

"वहीवाले, मघाचा तो 'नाही' म्हणणारा आवाज तुमच्यासारखा वाटला. तो ओरडणारा म्हणजे तुमचा भाऊ का?"

तिघं त्यांच्याकडे बघत होते. बाईंच्या भुवया उंचावल्या होत्या. एकोणीस वर्षांची पत, रविवारचा चहा, 'वहीत आहे ना' हे सगळं त्या नजरांमध्ये होतं. वहीवाल्यांचे कान तापले. अगदी त्या संध्याकाळसारखे.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचा नाही."

टेपमधली टाळी थांबली.

गाणं थोडं पुढे गेलं आणि तेही थांबलं. मध्येच, एखाद्याने दार लोटून घ्यावं तसं. मग नुसत्या खुर्च्यांचे आवाज, पावलं, लोक घरी निघाल्याचा गलका.

"संपलं," दुरुस्तीवाला म्हणाला. "नऊच्या नऊ गाणी."

"शेवटचं?" वहीवाल्यांनी विचारलं. "आत्ता वाजलं ते?"

"वाजलं कुठे? 'आतून कडी' त्यांनी कधीच वाजवलं नाही," बाई म्हणाल्या. "गायकाला तो सूर लागायचा नाही. सगळ्यांना माहीत आहे."

मास्तरांनी पेन्सिलीने फुली मारली. "आणि इथे साक्षीदारही एकच आहे. नियमात बसत नाही."

वहीवाल्यांनी वही ओढून घेतली. पानाखाली त्यांची सुबक सही होती. तिच्या शेजारची जागा कोरी होती. त्यांनी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं, अगदी पहिलं. कोरी. कागद खरवडल्याची खूण नाही, डाग नाही.

"इथे माझ्या भावाची सही होती."

"तुम्हाला भाऊ आहे?" दुरुस्तीवाल्याने कौतुकाने विचारलं. "कधी बोलला नाहीत ते!"

ते घरी कसे पोहोचले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दाराशी नेहमी धाकट्याच्या मोठ्या चपला असत. आई त्या हलवू देत नसे. आता तिथे फक्त पायपुसणं होतं. आतल्या भिंतीवर त्याचा फोटो असे, तिथे कॅलेंडर होतं.

आई टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती. पाठ ताठ, चेहरा टवटवीत. तिच्या डोळ्यांखालची एकोणीस वर्षांची ती काळी वर्तुळं आज नव्हती.

"आलास? हात धू. आज किती दिवसांनी झोप लागली बघ मला."

वहीवाले वाट बघत उभे राहिले. तिने नाव निघालं का ते विचारलं नाही.

"आई," ते म्हणाले. "आपला धाकटा..."

"कोण धाकटा?"

ती हसतच होती. तिच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. आता काही सांगावं लागणार नव्हतं. ना गाणं, ना काठ्या, ना तळवे. वहीवाल्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं म्हणून त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली.

"कोणी नाही," ते म्हणाले.

ते मोरीकडे वळले. मागे आई काहीतरी गुणगुणायला लागली होती. त्यांनी नळ सोडला आणि तसाच बंद केला.

"आई, ही चाल कुठली?"

"कोण जाणे. सकाळपासून तोंडात बसलीये."

ती गुणगुणत राहिली आणि एका हाताने टेबलावर ठेका धरत राहिली. प्रत्येक वेळी अर्धा ठोका उशिरा.